भूरूपांचा अभ्यास सुरू करताय? पहिल्या डीईएमपासून पहिल्या निष्कर्षापर्यंत

जगातल्या जवळजवळ सगळ्या डोंगरदऱ्यांच्या उंचीचा डेटा आज मोफत उतरवून घेता येतो. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर उघडायचं, फाइल टाकायची, दोन बटणं दाबायची, की उताराचा रंगीत नकाशा तयार. खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण चुकीचा नकाशाही तितकाच देखणा दिसतो. सॉफ्टवेअर कशालाच हरकत घेत नाही. प्रबंध किंवा शोधनिबंध परीक्षकाच्या हातात पडतो आणि तो विचारतो, "ही उंची जमिनीची आहे की झाडांच्या शेंड्यांची?" तेव्हा कुठे आपण पहिल्यांदा त्या फाइलकडे नीट बघतो.

भूगोल, भूशास्त्र, जलविज्ञान, स्थापत्य, पर्यावरण अशा कुठल्याही वाटेने तुम्ही या विषयात आला असाल, तर हे टप्पे तुमच्यासाठी लिहिले आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. डीईएम, म्हणजे डिजिटल एलिव्हेशन मॉडेल, हे जमिनीचं एक मोजमाप आहे. ते कुठल्यातरी साली, कुठल्यातरी साधनाने घेतलेलं असतं आणि त्यात काही ना काही चूक असते. साल, साधन आणि चूक या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्यावर कुठलाही निष्कर्ष उभा करू नका.

आधी हे जमवा

- क्यूजीआयएस. सोबत ग्रास जीआयएस, सागा किंवा व्हाइटबॉक्स टूल्स यांपैकी एक. सगळी मोफत आहेत आणि सुरुवातीला यापलीकडे काही लागत नाही.
- जीडॅल, म्हणजे अशा फाइली जोडणारं, कापणारं, बदलणारं साधन. क्यूजीआयएसबरोबर ते आपोआप येतं. त्याच्या दोन-चार आज्ञा शिकून घ्या, पुढे खूप वेळ वाचतो.
- अभ्यासक्षेत्राची सीमा एका व्हेक्टर फाइलमध्ये (बिंदू, रेषा, सीमा साठवणारी फाइल), आणि तिच्याभोवती चांगली रुंद पट्टी सोडून काढलेली दुसरी सीमा.
- यूएसजीएस अर्थएक्सप्लोरर किंवा ओपनटोपोग्राफीवर खातं.
- त्या भागाचा छापील किंवा स्कॅन केलेला समोच्च रेषांचा नकाशा, मिळत असेल तर. जुना असला तरी चालेल.
- ड्रोन उडवायचा किंवा जागेवर सर्वेक्षण करायचं असेल, तर परवानगीची कागदपत्रं. या कामाला सगळ्यात आधी लागा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.
- एक साधी मजकूर फाइल. कुठला डेटा, कोणत्या तारखेला, कुठून घेतला आणि त्यावर काय केलं, हे पहिल्या दिवसापासून तिच्यात लिहीत जा.

१. डेटा उतरवण्याआधी प्रश्न लिहून काढा

"या खोऱ्याचा भूरूपशास्त्रीय अभ्यास" हा प्रश्न झाला नाही. "या खोऱ्यात दरडी कुठल्या उतारावर जास्त कोसळल्या?" हा प्रश्न आहे. "गेल्या पावसाळ्यात ही घळ किती मागे सरकली?" हाही आहे. दोन्हींना लागणारा डेटा अगदी वेगळा. पहिल्याला ३० मीटर पिक्सेलचा उपग्रहीय डीईएम निदान सुरुवातीला पुरतो. दुसऱ्याला ड्रोन किंवा लायडार (लेझरने केलेली उंचीची मोजणी) लागतो, कारण दोन मीटर रुंदीची घळ ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसणारच नाही.

तुम्हाला दिसायला हवी अशी सगळ्यात लहान गोष्ट कोणती, ते मीटरमध्ये लिहा. तिच्या रुंदीत निदान तीन-चार पिक्सेल मावले पाहिजेत. हे गणित जमत नसेल तर प्रश्न बदला किंवा डेटा बदला. ३० मीटरच्या डीईएमला रीसॅम्पल करून, म्हणजे पिक्सेल नव्याने आखून, ५ मीटरचा करता येतो, पण त्यात नवी माहिती तसूभरही येत नाही. आधीच्याच आकड्यांच्या मधल्या जागा भरलेल्या असतात, एवढंच. नवखे इथे हमखास फसतात.

२. डेटा निवडताना साल आणि साधन बघा

सगळ्यात जास्त वापरला गेलेला डेटा म्हणजे एसआरटीएम (शटल रडार टोपोग्राफी मिशन). फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत तो गोळा केला. यानावर एक रडार अँटेना होता आणि ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दुसरा. एकाच जागेवरून परतलेल्या लहरी दोन ठिकाणी टिपायच्या आणि त्यांच्यातल्या फरकावरून उंची काढायची, असं ते तंत्र. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्या पट्ट्यातली, म्हणजे पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन त्यात आली.

याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. त्या फेब्रुवारीनंतर झालेलं धरण, खोदलेली खाण, कोसळलेला कडा यांतलं काहीही एसआरटीएममध्ये नाही. रडारची लहर दाट झाडीत जमिनीपर्यंत पुरती पोचत नाही, म्हणून जंगलातली उंची जमीन आणि शेंडे यांच्या मध्ये कुठेतरी असते. उलट कोरड्या बर्फात ती लहर आत शिरते आणि हिमनदीचा पृष्ठभाग आहे त्यापेक्षा खाली दिसतो. अरुंद दरीत, खड्या कड्याच्या आड, रडारला काहीच दिसलं नाही तिथे मुळात पोकळ्या होत्या. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये त्या दुसऱ्या डेटाने भरल्या आहेत.

आज नवं काम सुरू करत असाल तर माझा सल्ला कोपर्निकस डीईएमचा, त्यातल्या जीएलओ-३० चा आहे. तो टॅनडेम-एक्स मोहिमेतल्या दोन जर्मन रडार उपग्रहांच्या २०११ ते २०१५ मधल्या नोंदींवर बेतलेला आहे. एसआरटीएमपेक्षा तो नवाही आहे आणि स्वच्छही. मात्र तो पृष्ठभागाचा डीईएम आहे. छपरं, झाडं, पूल सगळं त्यात धरलेलं आहे. झाडं आणि इमारती वजा केलेला हवा असेल तर ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच डेटावरून तयार केलेला फॅबडेम बघा. झाडांची आणि घरांची उंची त्यांनी मशीन लर्निंगने अंदाजून काढून टाकली आहे. अंदाज काही ठिकाणी चुकतो, आणि त्याचा परवाना व्यावसायिक वापराला मुभा देत नाही, हे दोन्ही लक्षात ठेवा.

जपानच्या आलोस उपग्रहाच्या प्रकाशीय चित्रांवरून केलेला एडब्ल्यू३डी३० उघड्या डोंगराळ भागात चांगला आहे. अॅस्टर जीडीईएमसुद्धा प्रकाशीय चित्रांवरच आधारलेला आहे, पण ढगांमुळे त्यात खोटे खड्डे आणि उंचवटे आढळतात. दुसरा काही मिळत नसेल तरच तो घ्या.

विमानातून केलेला लायडार उपलब्ध असेल तर दुसरीकडे वळूही नका. लेझरचे काही किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत जातात. शेवटी परतलेले किरण वेगळे काढले की झाडीखालची जमीन उघडी होते. ग्वातेमालातल्या दाट जंगलाखाली माया संस्कृतीच्या ६०,००० हून अधिक वास्तूंचे अवशेष २०१८ मध्ये जगासमोर आले ते याच तंत्रामुळे. लायडारचा बिंदूमेघ (मोजलेल्या सगळ्या बिंदूंचा संच) घेतल्यावर जमिनीच्या बिंदूंचं वर्गीकरण आधीच झालंय का ते तपासा. प्रचलित लास या फाइल-पद्धतीत जमिनीचा वर्ग क्रमांक २ असतो. झालेलं असलं तरी खडे कडे आणि मोठमोठे दगड बारकाईने पाहा. वर्गीकरण करणारा प्रोग्राम त्यांना बरेचदा झाडं समजून कापून टाकतो.

३. उंची कशापासून मोजली आहे?

हा टप्पा लहान आहे, पण चुकला तर पुढचं सगळं वाया जातं. जीएनएसएस उपकरण (जीपीएससारखं, उपग्रहांवरून स्थान सांगणारं) मुळात लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची, उंची देतं. एसआरटीएमची उंची ईजीएम९६ या जिओइडपासूनची, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठभागापासूनची, असते आणि कोपर्निकसची ईजीएम२००८ पासूनची. लंबगोल आणि जिओइड यांतला फरक काही सेंटिमीटरचा नसतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिओइड लंबगोलाच्या १०० मीटरहून जास्त खाली आहे, तर न्यू गिनीच्या आसपास ८० मीटरच्या आसपास वर.

म्हणून जीएनएसएसने मोजलेले बिंदू आणि डीईएम यांत सगळीकडे एकसारखाच कित्येक मीटरचा फरक दिसला, तर यंत्राला दोष देण्याआधी उभा संदर्भ, म्हणजे उंची जिथून मोजली तो पृष्ठभाग, तपासा. दोन्ही डेटा एकाच संदर्भात आणा आणि मगच वजाबाकी करा.

४. प्रक्षेपण बदलल्याशिवाय उतार काढू नका

उतरवलेला डीईएम बहुधा अक्षांश-रेखांशात असतो. पिक्सेलचा आकार १ आर्कसेकंद, म्हणजे ०.०००२७८ अंशाच्या आसपास, आणि उंची मीटरमध्ये. तसाच उतार काढला तर सॉफ्टवेअर मीटरला अंशाने भागतं आणि सपाट मैदानसुद्धा ८९ अंशांचा कडा म्हणून दाखवतं. हे निदान लगेच कळतं तरी. अंशांचं मीटरमध्ये रूपांतर करायला एकच ठरावीक गुणक वापरला तर मात्र चूक लपून राहते. १ आर्कसेकंद विषुववृत्तावर दोन्ही दिशांना सुमारे ३१ मीटर भरतो, पण ६० अंश अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर जेमतेम १५ मीटर उरतं.

करायचं काय? तुकडे आधी जोडून घ्या, रुंद सीमेवर कापा आणि क्षेत्राच्या यूटीएम पट्ट्यात, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात, रूपांतर करा. एका ठिकाणी विशेष जपा. रीसॅम्पलिंगची पद्धत जीडॅलमध्ये मुळात निअरेस्ट नेबर (सगळ्यात जवळच्या पिक्सेलचा आकडा उचलणारी) असते. ती बदलून शेजारच्या आकड्यांवरून नवा आकडा काढणारी बायलिनिअर किंवा क्यूबिक निवडा. निअरेस्टने काही ओळी दोनदा येतात, काही गळतात, आणि हिलशेडवर (उंचीवरून काढलेलं ऊन-सावलीचं चित्र) जाळीसारख्या रेघा उमटतात. नंतर कुणीतरी त्याच रेघांना भ्रंशरेषा म्हणून बसतं.

काही फाइलींमध्ये माहिती नसलेल्या जागी -३२७६८ हा आकडा असतो. सॉफ्टवेअरला तो नोडेटा म्हणून कळलाय का, ते आताच बघा.

५. हिलशेड काढा आणि नुसतं बघत बसा

आकडेमोडीच्या आधी नजर. हिलशेडमध्ये प्रकाश साधारणपणे वायव्येकडून, ३१५ अंशांवरून, आणि ४५ अंश उंचीवरून सोडतात. प्रकाश खालच्या बाजूने सोडला तर अनेकांच्या डोळ्यांना दऱ्या डोंगर आणि डोंगर दऱ्या वाटू लागतात. पण एकाच दिशेवर थांबू नका. प्रकाशाला समांतर असलेल्या डोंगरसोंडा आणि भेगा पुसट होतात, आडव्या असलेल्या ठळक दिसतात. चार दिशांनी हिलशेड काढा आणि जी रेषा चारही चित्रांत टिकते तिच्यावरच विश्वास ठेवा.

या वेळी काय शोधायचं? तुकड्यांच्या जोडावरची सरळ पायरी. सपाट भागातल्या पायऱ्या-पायऱ्या, कारण अनेक फाइलींमध्ये उंची पूर्ण मीटरमध्येच साठवलेली असते. तळ्यांच्या पृष्ठभागावरचा खडबडीतपणा. जंगलाच्या सीमेवर उगाच उभा राहिलेला "कडा". सापडलेल्या सगळ्या जागा एका वेगळ्या व्हेक्टर थरात खुणा करून ठेवा. पुढे एखादा विचित्र आकडा निघाला की आधी हा थर चालू करून बघायचा.

६. एकदा तरी उतार हाताने काढा

क्यूजीआयएसचं उताराचं साधन हॉर्नची १९८१ ची पद्धत वापरतं. ती एकदा कागदावर करून बघा, त्यानंतर उताराच्या नकाशाकडे बघण्याची दृष्टीच बदलते. ३० मीटरच्या पिक्सेलचा हा तुकडा घ्या, वरची बाजू उत्तर:

६१२  ६१५  ६१९
६०८  ६११  ६१६
६०३  ६०७  ६११

पूर्वेकडचा स्तंभ घ्या, मधल्याला दुप्पट वजन द्या: ६१९ + २×६१६ + ६११ = २४६२. पश्चिमेकडचा तसाच: ६१२ + २×६०८ + ६०३ = २४३१. फरक ३१. त्याला ८×३०, म्हणजे २४० ने भागलं की ०.१२९. आता दक्षिणेची ओळ २४२८ आणि उत्तरेची २४६१. फरक -३३, भागिले २४०, म्हणजे -०.१३८. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ ०.१८९, आणि त्याचा कोन सुमारे १०.७ अंश. जमीन पूर्वेकडे आणि उत्तरेकडे चढते, म्हणजे उताराचं तोंड नैर्ऋत्येला.

मधला ६११ हा आकडा आपण कुठेच वापरला नाही, हे पाहिलंत? पिक्सेलचा उतार त्याच्या आठ शेजाऱ्यांवरून ठरतो, त्याची स्वतःची उंची त्यात येतच नाही.

आता ईशान्येच्या कोपऱ्यात १० मीटर उंच झाडांचा पुंजका आहे असं समजा. ६१९ च्या जागी ६२९ लिहा आणि पुन्हा करा. उतार १३.९ अंश येतो. जमीन तीच, वाढ तीन अंशांहून जास्त. दरडप्रवण क्षेत्राच्या नकाशात एवढ्या फरकाने पिक्सेल एका वर्गातून दुसऱ्यात जाऊ शकतो.

पिक्सेल मोठा केला की उतार सौम्य होत जातो, हेही ध्यानात असू द्या. ९० मीटरच्या डीईएममधला "कमाल उतार" ५ मीटरच्या डीईएममधल्या कमाल उताराशी ताडून पाहता येत नाही. उताराचा कुठलाही आकडा लिहाल तेव्हा शेजारी पिक्सेलचा आकार लिहा.

७. पाण्याची वाट काढताना

ओढे-नाले आणि पाणलोट क्षेत्र काढायचा ठरलेला क्रम असा: खोटे खड्डे काढणं, प्रवाहाची दिशा, प्रवाहसंचय (प्रत्येक पिक्सेलला वरच्या किती पिक्सेलांचं पाणी मिळतं), उंबरठा (किती संचयापासून नाला धरायचा) ठरवून नाल्यांचं जाळं, आणि शेवटी मुखबिंदू (पाणी बाहेर पडतं ती जागा) देऊन पाणलोट. हे सगळं एका दमात करून टाकणारी साधनं आहेत, पण सुरुवातीला एकेक पायरी करा आणि प्रत्येक निकाल उघडून बघा.

खड्डे भरणं ही यातली सगळ्यात निष्काळजीपणे होणारी पायरी. बरेच खड्डे मोजमापातल्या गोंगाटाचे असतात, पण चुनखडीच्या प्रदेशात किंवा ज्वालामुखीच्या मुखाशी ते खरे असतात. तिथे ते भरले तर अभ्यासाचा विषयच बुजवून टाकल्यासारखं होतं. दुसरी गोष्ट पुलांची. पृष्ठभागाच्या डीईएममध्ये पूल म्हणजे नदीवर आडवा बांध. खड्डे भरणारं फिल हे साधन चालवलं की प्रोग्राम त्या बांधामागे खोटं तळं भरतो आणि पाणी भलत्याच खिंडीतून वळवतो. अशा जागी भरण्याऐवजी बांध फोडून वाट देणारं, व्हाइटबॉक्समधलं ब्रीचचं साधन वापरा. मूळ आणि दुरुस्त डीईएमची वजाबाकी करून बदल कुठे कुठे झाले तेही पाहा. बदल मोठ्या सलग पट्ट्यांत दिसले तर थांबून कारण शोधा.

सपाट भागात सरळ, एकमेकांना समांतर धावणारे नाले दिसले तर ते डी८ पद्धतीचं लक्षण आहे. त्या पद्धतीत सगळं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी एकालाच मिळतं. असे नाले प्रत्यक्षात नसतात, त्यांची घनता मोजत बसू नका. मुखबिंदूही संचयाच्या मुख्य रेषेवर नेमका ठेवा. एक पिक्सेल बाजूला गेला तर शेकडो चौरस किलोमीटरच्या पाणलोटाऐवजी एवढासा ठिपका हाती येतो.

आणि रुंद पट्टी सोडून काढलेली सीमा इथे कामी येते. वरच्या अंगाचा डोंगर कापला गेला असेल तर खालचे सगळे संचयाचे आकडे खोटे ठरतात.

८. चूक मोजा, आणि ती कुठे आहे ते सांगा

डीईएमच्या माहितीपत्रकातला अचूकतेचा आकडा जसाच्या तसा प्रबंधात उतरवू नका. एसआरटीएमचं ठरवलेलं उद्दिष्ट ९० टक्के विश्वासपातळीवर १६ मीटरच्या आत चूक असं होतं. तो सगळ्या जगासाठीचा आकडा होता. तुमच्या खोऱ्यात मैदान असेल तर चूक खूप कमी निघेल, आणि खडे उतार असतील तर त्याहून जास्तही निघू शकते.

स्वतः मोजायचं तर तपासणीचे बिंदू हवेत. सर्वोत्तम म्हणजे आरटीके जीएनएसएसने (सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजणारं) घेतलेले. मोबाइलने उंची मोजू नका, तिच्यातली चूक सहज डीईएमच्या चुकीएवढी किंवा जास्त असते. जागेवर जाणं शक्य नसेल तर २०१८ मध्ये सोडलेल्या आइससॅट-२ उपग्रहाचे लेझर बिंदू मोफत मिळतात. त्यांतले जमीन म्हणून वर्ग केलेले बिंदू उघड्या भागात चांगला आधार देतात.

बिंदू निवडताना सगळे रस्त्याकडेचे घेऊ नका. रस्ता सपाट, उघडा, सोयीचा, आणि डीईएमही नेमका तिथेच चांगला असतो. उताराचे गट पाडा, जमीनवापराचे गट पाडा आणि प्रत्येक गटातून बिंदू घ्या. सरासरी चूक, आरएमएसई (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) आणि एनएमएडी (मध्यकावर आधारलेलं, मोजक्या मोठ्या चुकांनी न बिघडणारं माप) हे तिन्ही आकडे द्या. सरासरी चूक एका बाजूला झुकली असेल तर झाडी किंवा उभा संदर्भ यांच्याकडे संशयाने बघा. आरएमएसई मोठा पण एनएमएडी लहान असेल, तर मोजके बिंदू फार चुकलेत आणि बाकीचे ठीक आहेत.

९. दोन काळांची तुलना

दरड कोसळण्याआधीचा डीईएम आणि नंतरचा, यांची वजाबाकी म्हणजे या विषयातलं सगळ्यात रोमांचक काम. डोंगराचा किती भाग गेला आणि कुठे साचला, हे घनमीटरमध्ये हातात येतं.

फक्त वजाबाकीच्या आधी दोन्ही एकमेकांवर नीट बसवा. फरकाचा नकाशाच हिलशेडसारखा दिसत असेल, म्हणजे एका बाजूचे उतार वाढलेले आणि समोरच्या बाजूचे घटलेले, तर एक डीईएम आडवा सरकलेला आहे. ती जमिनीची हालचाल नव्हे. न बदललेल्या भागात उंचीचा फरक आणि उताराची दिशा यांचा आलेख काढून हे सरकणं मोजायची नुथ आणि काब यांची २०११ ची पद्धत रूढ आहे. ती शिकून घ्या.

मग ठरवा, किती फरक खरा धरायचा. दोन्ही सर्वेक्षणांची चूक प्रत्येकी ०.१० मीटर असेल, तर फरकातली चूक वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे ०.१४ मीटर. ९५ टक्के विश्वासासाठी १.९६ ने गुणा, ०.२८ मीटर. याहून लहान बदलांवर दावा करता येणार नाही.

ड्रोनने काम करत असाल तर सगळी चित्रं सरळ खाली बघून घेऊ नका, काही तिरपीही घ्या. नाहीतर अख्खा पृष्ठभाग मध्ये फुगून घुमटासारखा होतो, आणि फरकाच्या नकाशात ती फुगी गाळ साचल्यासारखी दिसते. जमिनीवरच्या नियंत्रणबिंदूंपैकी (अचूक मोजून ठेवलेल्या खुणा) काही मॉडेलमध्ये न घालता फक्त तपासणीसाठी राखून ठेवा.

१०. जागेवर जा

नकाशात सापडलेल्या प्रत्येक प्रकारच्या भूरूपापैकी काही तरी पायाखालून जायला हवीत. जिओमॉर्फॉन पद्धत दहा प्रकार आपोआप काढून देते: शिखर, सोंड, दरी, खड्डा वगैरे. पण तिला खडक आणि माती यांतला फरक कळत नाही. कड्याच्या पायथ्याचा उंचवटा जुन्या दरडीचा ढिगारा आहे की मूळ खडकाचा टप्पा, हे तिथे उभं राहून, दगडांच्या कडा धारदार आहेत की झिजलेल्या ते बघूनच ठरतं. क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजणारं उपकरण), होकायंत्र, मोजपट्टी आणि हिलशेडची छापील प्रत सोबत न्या. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागदावर खुणा करता येतात. उतार मोजताना एका ठिकाणचा आकडा घेऊन निघू नका. पिक्सेल ३० मीटरचा असेल तर ३० मीटर अंतरातला उतार मोजा, तरच तुलना होईल.

११. प्रसिद्ध करण्याआधी

परीक्षक आधी हे शोधतात: डीईएमचं नाव आणि आवृत्ती, मोजणीचं साल, पिक्सेलचा आकार, उभा आणि आडवा संदर्भ, रीसॅम्पलिंगची पद्धत, खड्डे कसे काढले, नाल्यांचा उंबरठा किती आणि का. पहिल्या दिवसापासून भरत आणलेली ती मजकूर फाइल असेल तर हे अर्ध्या तासात लिहून होतं. उंबरठ्याचं "का" मात्र फाइल सांगणार नाही. नाल्यांचं जाळं उपग्रहचित्रावर किंवा जुन्या नकाशावर ठेवून, नाले जिथे प्रत्यक्ष सुरू होतात तिथे जाळंही सुरू होतंय का ते पाहून तो ठरवा आणि तसं लिहा.

डेटा झेनोडोसारख्या मुक्त संग्रहात ठेवला तर त्याला डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो आणि दुसऱ्यांना तुमचं काम पडताळता येतं. मूळ डेटाचा परवाना पुढे वाटायला परवानगी देतो का, ते आधी वाचा. देत नसेल तर डीईएम वगळून तुमची प्रक्रिया, तपासणीचे बिंदू आणि काढलेल्या भूरूपांच्या सीमा ठेवा.